प्रदक्षिणेचा पंखा

जामखुटा,
ता. ३० मार्च १९७८

प्रिय लहानू,
सप्रेम जयभीम.

होळीनंतर येऊन तू मारुतीच्या सभामंडपात पंखा बसवून गेलास, त्याबद्दल मंदिर कमिटीचा चिटणीस म्हणून आभार आणि एका बाकावर बसलेला मित्र म्हणून शाबासकी. टिनाच्या त्या मंडपात चैत्रात कोणी पाय ठेवत नव्हतं. आता काम नसलेली माणसंही दर्शनाला येतात आणि पंख्याखाली बसून राहतात.

पण एक अडचण झाली आहे. परवा दुपारी बापूजी पोथी वाचून झाल्यावर सतरंजीवर उताणे पडले होते. पडल्या पडल्या त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, वर पंख्याकडे पाहिलं आणि ताडकन उठले. "प्रभाकर, हा पंखा घड्याळाच्या उलटा फिरून राह्यला!" मी पाहिलं. खरंच उलटा आहे. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यासारखी चालते. उलटी फेरी फक्त मयताची. ही गोष्ट तासाभरात गावभर झाली. पंख्याची देणगी बंडूजींची, आणि ते कमिटीचे अध्यक्षही. ते म्हणाले, "माह्या पैशाचा पंखा देवासमोर मसनवट्यासारखा फिरते काय?"

मला हे सारं हास्यास्पद वाटतं, हे तुला सांगायला नको. पण रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत सप्ताह आहे. त्याआधी येऊन पंखा सुलटा करून जा.

तुझा,
प्रभाकर

*

कारंजा (घाडगे),
ता. २ एप्रिल १९७८

प्रिय प्रभाकर,
जयभीम.

पंखा सुलटाच आहे. उलटी आहे ती कमिटी.

तू शिक्षक आहेस म्हणून शिकवतो, रागावू नकोस. पंख्याला दिशा देव देत नाही, पातं देतं. पात्याची एक कड वर असते, दुसरी खाली. वरची कड पुढे चालली तर वारा खाली ढकलला जातो. खालची कड पुढे चालली तर वारा छताकडे जातो. धान्य उफणताना आपण टोपली वाऱ्याकडे पाहून धरतो, पंचांगाकडे पाहून नाही. शंका असेल तर खाली उभा राहा आणि डोक्यावर रुमाल धर. वारा रुमालावर बसला तर पंखा बरोबर. एवढी एकच परीक्षा आहे आणि तिला घड्याळ लागत नाही.

फिरवता येत नाही असं नाही. आत तारेची दोन वेटोळी आहेत. एकाला वीज सरळ मिळते, दुसऱ्याला कंडेन्सरमधून. वरच्या टोपीखाली कंडेन्सरच्या दोन टोकांवरच्या तारांची अदलाबदल केली, की पंखा उलट फिरतो. पोराचं काम आहे. पण मग वेग पडेल, मोटर तापेल आणि खाली बसलेल्याला वारा मिळणार नाही. मी बिघडलेला पंखा दुरुस्त करतो. चांगला पंखा बिघडवायला मी दुकान उघडलेलं नाही.

आणि एक सांग. मी शिडीवरून उतरून पकड पिशवीत घालत होतो, तेवढ्यात बापूजींच्या सुनेनं शिडी टेकली होती ती जागा धुऊन काढली. पंखा मात्र धुतला नाही. तिथे हात पोचत नव्हता. पंखा आता उलटा वाटतो तो पात्यामुळे, की त्याला लागलेल्या हातामुळे?

लहानू

*

जामखुटा,
ता. ५ एप्रिल १९७८

प्रिय लहानू,
सप्रेम जयभीम.

जागा धुतली ती चुना पडला होता म्हणून. तू प्रत्येक गोष्टीत तेच पाहतोस. पाहण्याची कारणं तुझ्याकडे आहेत हे मला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी तेच नसतं.

रुमालाची परीक्षा केली. वारा खाली येतो. तुझं शास्त्र खरं आहे. पण गावात शास्त्र एका बाजूला आणि बंडूजी दुसऱ्या बाजूला. बैठकीत ते काय म्हणाले ते तुला कळलेलं बरं: "त्यानं जाणून बांधला. देव सोडला ना त्यायनं, मंग आपल्या देवाले अवकळा आणून राह्यले." दोघांनी माना हलवल्या. तू नाही म्हणालास तर हेच खरं ठरेल. पंचफुला वहिनी बंडूजींच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला जातात, आजूबाजूच्या गावांतल्या मोटरी तुझ्याकडे येतात, हे सगळं विचारात घे.

आठ दिवसांचा प्रश्न आहे. सप्ताह उरकला की आपण दोघं मिळून पुन्हा होता तसा करू. माझ्या शब्दाखातर कर. काही झालंच तर मी आहे. गावासमोर उभा राहून सांगीन, की उलटा करायला मी लावलं. यापेक्षा जास्त काय लिहू?

तुझा,
प्रभाकर

*

कारंजा,
ता. ११ एप्रिल १९७८

प्रिय प्रभाकर,

काल येऊन काम करून गेलो. तुझ्या शब्दाखातर. तू शाळेत होतास. शाळा मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि मधली सुटी झाली होती, तरी तू शाळेतच होतास.

बंडूजी ओट्यावर पान लावत बसले होते. म्हणाले, "आलं का ध्यानात?"

मी म्हटलं, "ध्यानात पहिलेच होतं. तुमच्या ध्यानात यावं म्हणून वारा सोडलता."

"लय बोलते हा!"

बापूजी म्हणाले, "बोलू द्या. हात चालते ना त्याचे, तोंडाचं काय?"

तारा बदलल्या, बटण दाबलं. बापूजींनी घड्याळ धरलं आणि टाळी वाजवली, "हां! आता कसा देवाचा पंखा झाला!" बंडूजी खाली जाऊन उभे राहिले. टोपी काढली. डोकं पुढे केलं. वारा काही आला नाही. "येईन," म्हणाले, "नव्या दिशेची सवय व्हा लागते त्याले."

हसून घे, पण पुढचं नीट वाच. आता पंखा हवा वर फेकतो. टिनाखाली तापलेली हवा तिथे साठलेली असते. ती भिंतींवरून खाली उतरेल. भिंतीला कोण बसतं? बायका. सप्ताहात त्यांना भिंतीजवळ बसू देऊ नकोस आणि दोन्ही दारं उघडी ठेव. हे मी बंडूजींनाही सांगितलं. ते म्हणाले, "बायकाइले सवय आहे चुलीची."

परतताना तुझ्या घरावरून गेलो. आईंनी हाक मारली, "काऊन रे लहान्या, माह्या दारावरून चोरावानी चालला?" ओट्यावर बसवून चहा दिला, घरातल्याच कपात. साऱ्या जामखुट्यात तो एकच कप मला मिळतो. म्हणाल्या, "पोथीच्या चौरंगाभवताल रोज पाच फेऱ्या होते माह्या. डोक्यावर कसं थंडगार लागे! चांगल्या पंख्याले काऊन हात लावला?" मी म्हटलं, "तुमच्या लेकाले विचारा." विचारलं का त्यांनी?

लहानू

*

वर्धा,
ता. २६ एप्रिल १९७८

प्रिय लहानू,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे.

हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनाला मंडप खच्चून भरला होता. पंखा पूर्ण वेगात होता. बायका भिंतीला बसल्या होत्या. मी दारं उघडायला सांगितलं होतं. उन्हाची झळ येते म्हणून कोणीतरी लावून घेतली. आधी रुख्माबाईंना भोवळ आली, मग आणखी दोघींना. आई उठून बाहेर येत होती, ती दारातच कोसळली. डोकं उंबऱ्यावर आपटलं. जीपने आष्टीला नेली, तिथून इथे आणली. दोन दिवस तिला ओळख नव्हती. आज डोळे उघडून पाणी मागितलं.

लोक फार चिडले आहेत. बंडूजी तिथेच मोठ्याने म्हणाले, "पाहा, उलटा बांधून ठेवला!" मी काय बोलणार होतो? आई माझ्या हातावर होती.

सात मेला गावाची सभा बोलावली आहे. तिथे मी सगळं नीट मांडीन. तोवर तू गावात येऊ नकोस. दवाखान्यातही येऊ नकोस. आमचे नातेवाईक बसलेले असतात.

प्रभाकर

*

कारंजा,
ता. ३० एप्रिल १९७८

प्रिय प्रभाकर,

आई शुद्धीवर आल्या हे वाचून पंचफुला रडली. आधी एवढंच. त्या बऱ्या होवोत.

आता बाकीचं. पंखा उलटा बांधला, असं आता बंडूजी म्हणतात. होळीनंतर सुलटा होता तेव्हा उलटा म्हणत होते. त्यांच्या हट्टानं उलटा झाला तेव्हा सुलटा म्हणून टाळी वाजली. आणि माणसं पडली तेव्हा पुन्हा उलटा झाला. पंख्यानं एकदाच दिशा बदलली. कमिटीनं तीनदा बदलली.

ठाण्यातला शिपाई दुकानावर येऊन विचारपूस करून गेला. पंचफुलेला बगीच्यातून घरी पाठवलं. तळेगावच्या बैलबाजारात माझं नवं नाव निघालं आहे: उलटा लहानू. काल एक शेतकरी दुरुस्तीला टाकलेली मोटर तशीच उचलून घेऊन गेला. म्हणाला, "तुह्या हातची मोटर पाणी विहिरीतच टाकन बाप्पा." लोक हसले. मी पंधरा वर्षं या हातांवर उभा आहे. माझ्याकडे जमीन नाही, देव नाही, जात तर आम्ही मागे टाकली. हातावरचा विश्वास एवढीच माझी मिळकत. ती एका हशानं गेली.

म्हणून मला तुझ्याकडून एकच वाक्य पाहिजे. भाषण नको. सात तारखेला उभा राहा आणि म्हण, "पंखा सुलटा होता, उलटा करायला मी लावला." बसून घे. दर सोळा ऑगस्टला आष्टीत हुतात्म्यांच्या स्मारकापुढे तू तासभर बोलतोस. गोळीसमोर छाती पुढे करणाऱ्या माणसांविषयी बोलताना तुझा आवाज भरून येतो. मी खाली उभा राहून ऐकलं आहे आणि मलाही भरून आलं आहे. इथे गोळी नाही. फक्त बंडूजी आहेत.

तू शब्द दिला आहेस.

लहानू

*

जामखुटा,
ता. ९ मे १९७८

प्रिय लहानू,
सप्रेम जयभीम.

सभा झाली, आणि तुला आनंद वाटेल अशी बातमी आहे. तू सुटलास.

वातावरण फार तापलं होतं. पोलिसात रीतसर तक्रार द्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. मी उठलो आणि लहानू, मी असा बोललो की इतकं चांगलं मी कधीच बोललो नसेन. विज्ञानावर बोललो. या भूमीवर सांडलेल्या रक्तावर बोललो. माणूस चुकतो, आणि चुकणाऱ्याला पोटात घेतो तोच गाव मोठा, असं म्हणालो. माझी आई दवाखान्यात असताना मी हे सांगतो आहे, असं म्हटलं तेव्हा बापूजींच्याही डोळ्यांत पाणी आलं. शेवटी स्वतः बंडूजी उठले आणि म्हणाले, "मास्तरचीच माय पडली अन् मास्तरच माफ करते, तं आपण कोण?" ठराव एकमताने झाला: तक्रार देऊ नये, लहानूला माफी असावी. पुढे मंदिराचं काम तुझ्याकडे द्यायचं नाही, एवढीच अट राहिली. ती मी कमी करू शकलो नाही.

ते एक वाक्य त्या घडीला म्हटलं असतं तर सारंच फिसकटलं असतं. कमिटी फुटली असती, शाळेच्या नव्या खोल्यांचं काम अडलं असतं, आणि तुझ्याही हाती काही लागलं नसतं. सत्य सांगायलाही वेळ पाहावी लागते.

तुझा,
प्रभाकर

*

कारंजा,
ता. १४ मे १९७८

प्रभाकर,

तू मला माफी मिळवून दिलीस. माफी गुन्हेगाराला मिळते. म्हणजे सभेच्या आधी माझ्यावर संशय होता. तू बोललास आणि तो गुन्हा सिद्ध झाला. बंडूजींना जे शिवी देऊन जमलं नाही, ते तू डोळ्यांत पाणी आणून केलंस. शिव्या देणारा माणूस मला परवडतो. त्याच्याशी भांडता येतं. माफ करणाऱ्याशी कसं भांडायचं?

तू येऊ नकोस म्हणाला होतास, तरी मी वर्ध्याला जाऊन आलो. तुमचे नातेवाईक चहाला गेले होते. आईंनी मला खाटेवर बसवलं. हात धरला आणि म्हणाल्या, "लहान्या, एक सांगू काय? पहिले मी फेऱ्या मारो, तं तुहा पंखा माह्यासंगं चाले. मी इकून निंगो, तं तोयी इकूनच निंगे. आता तो माह्या सामने येते. जसा काही अंगावर येऊन राह्यला."

दुकानात आलो, पंखा हळू लावला आणि खाली पात्याबरोबर चालत गेलो. पंचफुलेला वाटलं मला ऊन लागलं. प्रभाकर, तुझी आई खरं बोलते. मधे पोथीचा चौरंग असता तर तो माझ्या उजव्या हाताला राहिला असता, अशीच ती फेरी होती. प्रदक्षिणा! बापूजींनी घड्याळ वरून पाहिलं आणि पंखा खालून. घड्याळ काचेचं करून पाठीमागून पाहा, त्याचेही काटे उलटेच फिरताना दिसतील. पहिल्या दिवसापासून पंखा देवाला सरळ प्रदक्षिणा घालत होता. तुम्ही मला बोलावून, माझ्या हातून, त्याला मयताच्या फेरीला लावलंत. हे मला आधी सुचलं नाही, कारण तिथे फेरी घालायचा माझ्यावर कधी प्रसंगच आला नाही. आमच्या बापाला ती घालू दिली नाही, आणि आता मला ती नको.

पण सांगायचं ते हे नाही. मी आईंना म्हटलं, "हे प्रभाकरले सांगा." त्या म्हणाल्या, "सांगतलं ना रे. सभेच्या पहिलेच सांगतलं. तं म्हणे, आई, तुले ताप आहे, जास्त बोलू नको."

म्हणजे सभेत उभा राहिलास तेव्हा तुझ्यापाशी दोन्ही सत्यं होती. माझं होतं आणि बंडूजींना पटेल असं त्यांच्या धर्मातलंही होतं. वेळ पाहावी लागते म्हणतोस. वेळ आली होती. तुझ्या नावानं हाक मारून आली होती.

लहानू

*

जामखुटा,
ता. २ ऑगस्ट १९७८

प्रिय लहानू,
सप्रेम जयभीम.

तू उत्तर देणार नाहीस असं वाटतं, तरी लिहितो. आई घरी आली आहे. काठी धरून चालते. पण ती देवळात जात नाही. "लहान्या येऊन पंखा होता तसा करन, तवाच मी मंदिरात पाय ठेवन," असं तिने सगळ्या बायकांसमोर सांगितलं. ज्या बाईचा एक दिवस देवदर्शनाशिवाय गेला नाही, ती दारात बसून कळसाला हात जोडते. मला ते बघवत नाही.

पंख्याचा वारा येत नाही, हे आता सगळ्यांनाच कळून चुकलं आहे. माणसं बाहेर पिंपळाखाली बसतात. पण फिरवायचा म्हटला तर बंडूजींना चूक कबूल केल्यासारखं होतं. म्हणून एक सुचवतो. तू एखाद्या दुपारी गुपचूप ये. मंडपाची किल्ली माझ्याकडे असते. पाच मिनिटांचं काम. कोणाला कळणार नाही, आईचं मन राहील. एवढं आईसाठी कर. सोळा ऑगस्टच्या भाषणाची तयारी चालू आहे, पण या विचाराने शब्दच सुचत नाहीत.

तुझा,
प्रभाकर

*

कारंजा,
ता. ६ ऑगस्ट १९७८

श्री. प्रभाकरराव यांस,
जयभीम.

आईंसाठी मी रात्री-अपरात्री आलो असतो. पण त्यांनी मला चोरासारखं बोलावलेलं नाही. त्यांनी सगळ्या बायकांसमोर माझं नाव घेतलं. गुपचूप तुम्ही बोलावता. चोरासारखं चालतो म्हणून त्या मला रागावल्या होत्या; तो कप मी विसरलो नाही.

तुम्ही ते वाक्य गावासमोर बोला. त्याच दिवशी भर दुपारी मी येईन, मजुरी घेणार नाही. बोलणं जमत नसेल तर दुसरा उपाय आहे. काम तुम्ही स्वतः करा. मेन स्विच बंद करा. शिडी लावा. पंख्याच्या दांडीवरची वरची टोपी सैल करून खाली सरकवा. कंडेन्सरच्या दोन टोकांवर दोन तारा दिसतील. या टोकावरची त्या टोकाला, त्या टोकावरची या टोकाला. पक्क्या आवळा. स्विच चालू करा आणि खाली रुमाल धरा.

शिडीवरून उतराल तेव्हा जमिनीकडे पाहा. तुमच्या पायाखालची जागा कोणी धुणार नाही. तुम्हा-आम्हात बाकी काही फरक नव्हता. तारा त्याच, शिडी तीच, पंखा तोच.

आम्ही पुढच्या महिन्यात नागपूरला जातो आहोत. इथे आता कोणी मोटर टाकत नाही. तिथे मला उलटा म्हणणारं अजून कोणी नाही.

लहानू

*

जामखुटा,
ता. २० ऑगस्ट १९७८

प्रिय लहानू,
सप्रेम जयभीम.

पंखा सुलटा झाला. बंडूजींनी परवा नागपूरहून मिस्त्री आणवला. तू सांगितल्याप्रमाणेच दोन तारा. मिस्त्रीने वरून विचारलं, "किसने बांधा था ये?" बंडूजी म्हणाले, "था एक यहीं का. उल्टा बांध के रखा था." मिस्त्री हसला. मी खाली शिडी धरून होतो. तो उतरल्यावर त्याला पेढे दिले. जमीन कोणी धुतली नाही. तू म्हणाला होतास म्हणून मी मुद्दाम पाहिलं.

सोळा तारखेचं भाषण चांगलं झालं असं लोक म्हणतात.

आज सकाळी आईला देवळात नेली. काठी टेकत तिने पाचही फेऱ्या केल्या. पंखा तिच्यासोबत चालला. मधेच थांबून, वर पाहून, तोंडभर हसली. मग मला म्हणाली, "आलता ना रे लहान्या? मंग मले काऊन नाई भेटला?"

मी म्हटलं, "घाईत होता, आई. पुन्हा येतो म्हणाला."

नागपूरला जाण्याआधी किंवा पुढे कधी तुझी तिची गाठ पडली, तर एवढं सांभाळून घे.

तुझा,
प्रभाकर